पिंगळच्या घरी कोण गेलं

धम्मदीप जाऊन महिना झाला असेल, तेव्हा त्याचे वडील शाळेत आले.

मधली सुट्टी होती. मयुरा गोतमारे शिक्षकखोलीत चाचणीचे पेपर तपासत बसली होती. शिपायानं येऊन सांगितलं, "मॅडम, तुमाले भेटायले कोणी आलं हाये," आणि तिनं वर पाहिलं तर दारात संघपाल नगरारे उभा. तिनं त्याला याआधी दोनदाच पाहिलं होतं. एकदा पालकसभेत, आणि एकदा इंदोऱ्यातल्या त्याच्या घरासमोर, मांडवाखाली. तेव्हा तो कोणाकडेही न बघता प्लास्टिकच्या खुर्च्या सरळ करत फिरत होता.

शाळेतून नाव काढायला आला असेल, असं तिला वाटलं. ती बाहेर व्हरांड्यात आली.

"जयभीम मॅडम. जास्त वेळ नाही घेत तुमचा." त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "एक विचारायचं होतं. ते गोष्ट कुठवर आली?"

"कुठली गोष्ट?"

"तुम्ही वर्गात वाचता ते. नदी हरवते अन् तिघं जणं तिले शोधायले जातात. पुढं काय झालं मंग?"

मयुरा व्हरांड्याच्या कठड्याला टेकली.

'हरवलेल्या नदीचे वाटसरू' हे पुस्तक तिच्या लहानपणीही जुनंच होतं. धरमपेठेतल्या घरी वडिलांच्या कपाटात ते होतं, आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर पालथं पडून तिनं ते वाचून काढलं होतं. एका देशातली नदी एकाएकी नाहीशी होते. कोणी म्हणतं आटली, कोणी म्हणतं रुसून गेली. खरं तर घाटांपलीकडच्या एका राक्षसानं ती सतरंजीसारखी गुंडाळून आपल्या तळघरात ठेवलेली असते. तिला परत आणायला तिघं निघतात. नावाड्याची मुलगी रेवा, सदा भुकेला धिप्पाड पाथरवट तुंग, आणि पाखरांची भाषा कळणारा लहानखुरा पिंगळ. वाटेत कुरकुऱ्या अस्वल भेटतं, डोळे मिटले तरच दिसणारी पायवाट लागते, आणि एक असं गाव लागतं जिथं माणसं आपापली नावं विसरून बसलेली असतात.

जरीपटक्यातल्या त्या मराठी शाळेत लागल्यापासून मयुरा दरवर्षी आठवीच्या मुलांना हे पुस्तक वाचून दाखवत असे. वेळापत्रकात त्याला 'अवांतर वाचन' असं नाव होतं आणि त्यासाठी शेवटचा तास मिळे, कारण शेवटच्या तासाला दुसरं काही होतही नसे. पुस्तक आता छापलं जात नव्हतं. एकच प्रत, तीही तिची. त्यामुळे सगळा कारभार ऐकण्यावर. वाचता वाचता ती मध्येच थांबे आणि विचारी, आता तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं? मग मुलं भांडत. रेवाच्या बाजूचे आणि तुंगच्या बाजूचे असे दोन पक्ष पडत. धड्यावरच्या प्रश्नाला जी मुलं मान वर करत नसत, ती बाकावर उभी राहून बोलत. धम्मदीप त्यातलाच. तो तुंगच्या बाजूचा. तुंग नेहमी निघायच्या आधी जेवायचं काय ते विचारतो, आणि धम्मदीपच्या मते तेवढा एकच माणूस त्या तिघांत शहाणा होता.

सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, त्याला डेंग्यू झाला. एका शनिवारी तो वर्गात होता, पुढच्या शनिवारी नव्हता.

त्यानंतर मयुरानं पुस्तक उघडलं नव्हतं. मुलांनी एकदोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. पोर्शन मागे पडलाय, असं ती म्हणाली होती आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. वाचन जिथं थांबलं होतं, त्याच्या पुढच्याच प्रकरणात पिंगळ मरतो.

"तुम्हाला त्यानं सांगितली होती का गोष्ट?" तिनं संघपालला विचारलं.

"हो ना. धरमपेठेत ट्यूशन होती त्याची. मी गांधीबागेत कपड्याच्या दुकानात असतो, होलसेलच्या. तिथून निघून त्याले घ्यायले जात होतो. गाडीवर मागं बसला की सुरू. हेल्मेटमधून अर्धं ऐकू येई, अर्धं हवेत जाई. सिग्नलले थांबलो की बराबर ऐकू येई. सदरचा सिग्नल मोठा हाये, तिथी लय सांगून होई त्याचं. मंग पुढं कडबी चौकापर्यंत मी नुसतं हूं हूं करत होतो." त्यानं हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. "त्याले वाटे, मी सगळं ऐकून राहिलो."

"मी पुस्तक देते तुम्हाला. घरी न्या. सावकाश वाचा."

"वाचता येते मले, मॅडम. बारावी हाये मी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "पण त्यानं पुस्तकातलं नव्हतं सांगतलं. तुमचं सांगतलं. मॅडमनं राक्षसाचा आवाज असा काढला, मॅडम इथी थांबल्या, मोनाली असं म्हणाली, मंग पोट्टे असे हासले. मले ते ऐकायचं हाये. मागं बसतो मी. कोणाले काही बोलणार नाही."

मुख्याध्यापिका बारापात्रे मॅडम निवृत्तीला आलेल्या, सावध बाई. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मयुरा, वर्गातल्या पोरांचं काय? आत्ता कुठे ती सावरून राहिली. त्यांच्यात त्याचा बाप आणून बसवायचा?"

"मलाही तीच भीती वाटते. पण मी त्यांना नाही म्हणू शकले नाही."

"पुढं काय आहे गोष्टीत?"

मयुरानं सांगितलं. बारापात्रे मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बसू दे त्यांना," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आधी सांग. वर्गात सगळ्यांसमोर ते त्यांच्या अंगावर येऊ देऊ नको."

दुसऱ्या दिवशी संघपाल आला तेव्हा मयुरानं त्याला जिन्याखाली गाठलं. "एक सांगायचंय. या पुढचं प्रकरण जरा..."

"नका सांगू," तो म्हणाला. "त्याले माहीत नव्हतं पुढं काय हाये. मंग मलेच काहून माहीत असावं?"

तिनं पुन्हा प्रयत्न केला नाही. पण त्या दिवशी तिनं ते प्रकरण काढलंही नाही. एवढ्या दिवसांत सगळे विसरलो असू, आधी मागचं आठवून घेऊ, असं म्हणून तिनं पहिल्यापासूनची उजळणी काढली.

संघपाल शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसला. त्याचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर मोनाली एकटी होती. मयुरा वर्गात मुलगा-मुलगी एका बाकावर बसवत असे. धम्मदीप आणि मोनाली आधी महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते आणि मग बोलायचे थांबत नव्हते. आता ती बाकाच्या आपल्याच अर्ध्या भागात बसे. वर्गात कोणी मागे वळून बघत नव्हतं, आणि कोणी मागे बघत नाहीये हे सगळ्या वर्गाला जाणवत होतं.

"अस्वल भेटलं तिथपर्यंत कोण सांगेल?" मयुरानं विचारलं.

कोणी हात वर केला नाही. मग मागून आवाज आला.

"ते अस्वलाचं मले बी नाही समजलं. ते त्याइच्या संग काहून जाते? राग होता ना त्याले?"

"काका, ते मधाचं आहे," विहंग नावाचा पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. "तुंगनं त्याचा मध खाल्ला ना."

"मध कधी खाल्ला?"

"तुम्हाला नाही सांगितलं त्यानं?"

"सांगतलं असन. माह्या मागं बस होती, हॉर्न वाजवून राहिली होती. तेवढा मध गेला."

दोनतीन मुलं हसली. हसल्यावर त्यांनी मयुराकडे पाहिलं, रागावते की काय म्हणून. ती रागावली नाही. मग विहंग उभा राहून मधाची हकीकत सांगू लागला, दुसऱ्यानं त्याला अडवलं, तसं नाही तसं होतं, आणि तास संपला तरी ते अस्वलाशीच होते.

असे काही दिवस गेले. संघपालच्या शेठनं त्याला दुपारच्या मंदीत तासभर सूट दिली होती. तो वेळेवर येई, मागे बसे, ज्या ज्या ठिकाणी वाऱ्यानं किंवा ट्रकनं गोष्टीला भोक पाडलं होतं ते विचारी. मुलांना त्याची सवय झाली. एक दिवस तो आला नाही तेव्हा विहंगनं विचारलंसुद्धा, "काका नाही आले आज?"

त्याच संध्याकाळी मयुराला फोन आला.

"मॅडम, मी धम्मदीपची आई बोलून राहिली. माया."

"बोला ना."

"हे तुमच्या शाळेत येतात, ते मले माहीत हाये. मी आडवी नाही आली." तिचा आवाज सपाट होता. "पण मॅडम, ते तिथून आले की बराबर जेवतात. कोणतं पोट्टं काय बोललं, कोण कोणाशी भांडलं, सगळं सांगत बसतात मले. मले नाही ऐकवत. दुसऱ्यांच्या लेकरांचं ऐकून मी काय करू?"

मयुरा म्हणाली, "मी त्यांना येऊ नका म्हणू का?"

पलीकडून नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"नाही. तसं नका म्हणू. जेवतात ना ते. मी तुम्हाले फक्त सांगतलं."

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि संपल्या. उजळणीला आता काही उरलं नव्हतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मयुरानं खुणेची पट्टी काढली आणि पुढचं प्रकरण वाचायला घेतलं.

तिघं धुक्याच्या पुलापाशी येतात. दरीवर नुसतं धुकं साचलेलं असतं आणि त्यावरून चालत जायचं असतं. पाय ठेवला की ते घट्ट होतं. पण त्या पुलाची एक खोड असते. सगळ्यांच्या शेवटी जो चालतो त्याच्या पायाखाली धुकं विरत जातं. हे फक्त पाखरांना ठाऊक असतं, म्हणून फक्त पिंगळला कळतं. तो बाकीच्या दोघांना सांगत नाही. तुम्ही व्हा पुढे, मी पाखरांना पुढची वाट विचारून येतो, असं म्हणतो. रेवा आणि तुंग पलीकडे पोचतात आणि वळून बघतात तर पूल नाही. थोड्या वेळानं पाखरं येतात, एकटीच.

मयुरा दरवर्षी इथं थांबत असे, मुलांना विचारायला, की पिंगळनं खरं का सांगितलं नाही. या वेळी ती थांबली नाही. पुढची ओळ वाचून मोकळं व्हावं म्हणून तिनं पान उलटलं. पुढची ओळ होती, 'तिसऱ्या दिवशी ते राक्षसाच्या दारात पोचले.'

तिनं पुस्तक खाली केलं. मोनालीनं डोकं बाकावर ठेवलं होतं. मयुराला मागे बघायचं धाडस होत नव्हतं, तरी तिनं पाहिलं. संघपाल तसाच भिंतीला टेकून बसला होता. डोळे कोरडे. काहीतरी हिशेब लागत नसावा अशी कपाळाला आठी.

"मॅडम, विचारू का?"

"विचारा."

"त्याच्या घरी कोणी सांगतलं?"

"पुढे येईल," असं मयुरा सवयीनं म्हणाली. म्हणाल्याबरोबर तिला शंका आली. तिनं उरलेली पानं चाळली. राक्षसाचं तळघर, नदी उलगडते ते प्रकरण, परतीची वाट, शेवटचा उत्सव. ढोल वाजतात, रेवाला घाटाची मालकीण करतात, तुंग दिवसभर जेवत राहतो. पिंगळची आई पहिल्या प्रकरणात होती. त्याला भाकरी बांधून देते, पाखरांच्या नादानं वाट चुकू नको म्हणते. त्यानंतर ती कुठंच नव्हती. इतक्या वेळा हे पुस्तक वाचून मयुराच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "पुस्तकात ते नाही. कोणीच जात नाही सांगायला."

"मंग तिले कसं समजलं?"

"काका, नदी परत आली ना," विहंग म्हणाला. "त्यावरून समजलं असेल तिला."

"नदीवरून कसं समजन, बेटा?" संघपाल त्याला समजावल्यासारखा म्हणाला. "नदी आली म्हणजे पोरगं बी येऊन राहिलं, असंच वाटलं असन तिले. ती तं दारात जाऊन उभी राहिली असन."

तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं लगेच उठली नाहीत.

मयुरानं त्या दिवशी एकच सांगितलं: पिंगळच्या घरी कोण गेलं आणि काय बोललं, ते घरून लिहून आणा. पुस्तकात नाही, तर आपण करू.

पुढच्या तासाला मुलांनी लिहून आणलं होतं. संघपालही आला होता. विहंगनं वाचलं की पाखरांनीच आईला सांगितलं आणि पिंगळ आता एक सोनेरी पक्षी झाला आहे. एका मुलीनं लिहिलं होतं की राजानं आईला दरबारात बोलावलं, शाल दिली आणि तिच्या मुलाच्या नावानं घाट बांधला. 'आई रडली नाही, कारण तिला मुलाचा अभिमान वाटत होता,' असं तिचं शेवटचं वाक्य होतं. वाचून तिनं मागे पाहिलं.

"छान लिहिलं," संघपाल म्हणाला. "पण रडली असन ती. अभिमान वाटला तरी बी."

मुलीनं मान हलवली आणि पेन्सिलीनं तिथंच काहीतरी खोडलं.

"मोनाली?" मयुरानं विचारलं.

मोनाली उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं.

"मी नाही लिहिलं, मॅडम."

"काहून?" मयुराच्या तोंडून संघपालचाच शब्द आला.

"कारण कोणी गेलंच नाही. बरोबर लिहिलंय पुस्तकात." ती बाकाकडे बघत बोलत होती. "रेवा म्हणाली असेल तुंग जाईल, तो त्याच्या जास्त जवळचा होता. आणि तुंग निघाला असेल. पिंगळच्या गल्लीपर्यंत गेला असेल. मग दार उघडं दिसलं असेल त्याला, अन् आत त्याची आई दिसली असेल, अन् तो मागं फिरला असेल. मग त्यानं तो रस्ताच सोडला असेल. दुसऱ्या रस्त्यानं जात असेल तो, लांबून."

वर्गातल्या एकदोघांना ती कशाबद्दल बोलतेय ते समजलं, आणि मग सगळ्यांनाच. मोनालीचं घर धम्मदीपच्या घरामागच्याच गल्लीत होतं.

"तो काहून गेला नाही आत?" संघपालनं हळूच विचारलं.

"काय बोलला असता तो? तो जिवंत आहे ना. पिंगळच्या आईला त्याचा राग आला असता."

मयुरा पुढे व्हायला निघाली, पण संघपाल उठला होता. बाकातून बाहेर यायला त्याला वेळ लागला. तो मोनालीच्या बाकापाशी आला, पण तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसला नाही. खाली उकिडवा बसला.

"पहिले दहाबारा दिवस लय लोक आले आमच्याकडं," तो म्हणाला. "आता कोणी नाही येत. लोकाइची बी कामं हायेत. तू ये, बाई. काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं."

"काकूंना राग येईल."

खोटं बोलावंसं त्याला वाटलं नसावं.

"येईल," तो म्हणाला. "येऊ दे. तरी ये."

रविवारी दुपारी मोनाली मयुराला सोबत घेऊन गेली. दोघी गल्लीच्या तोंडाशी भेटल्या तेव्हा मोनालीनं नवा ड्रेस घातला होता आणि तिला त्याची लाज वाटत होती. आईनं घालायला लावला, असं तिनं न विचारताच सांगितलं.

दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या खाली धम्मदीपचा शाळेच्या ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून लावलेला. माया खाली बसून मेथी निवडत होती. तिनं मयुराला या म्हटलं, मोनालीकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीकडे. संघपालनं खुर्च्या मांडल्या. मोनाली खुर्चीवर बसली नाही. मायापासून जरा दूर, फरशीवर बसली.

बराच वेळ मयुरा आणि संघपालच बोलत राहिले. शाळेचं, थंडी यंदा उशिरा पडल्याचं, कामठी रोडवरच्या गर्दीचं. माया काड्या मोडून एका बाजूला टाकत होती. मग मोनालीनं हात पुढे करून एक जुडी ओढून घेतली आणि तीही निवडू लागली.

"मोठ्या काड्या नको घेऊ," माया म्हणाली.

"बरं."

दोघींमध्ये निवडलेल्या पानांचा ढीग वाढत गेला.

"डबा खात होता का वं तो?" मायानं विचारलं. मान वर केली नव्हती.

मोनालीनं मयुराकडे पाहिलं. मयुरानं काहीच खूण केली नाही.

"पोळी खायचा," मोनाली म्हणाली. "भेंडी असली की मला द्यायचा. कारलं असलं की ते पण. तुम्ही दिलेलं लोणचं मात्र कोणाला देत नव्हता."

"मले म्हणे, सगळं खाल्लं."

"मी खात होती."

मायाचे हात थांबले. "मले वाटेच," ती म्हणाली. "डबा इतका साफ. मले वाटेच की हा पोट्टा काही खात नाही भेंडी." आणि मग ती रडायला लागली. मोठ्यानं, मेथीची पानं मुठीत धरून. संघपाल उठून तिच्याजवळ गेला तसं तिनं हातानंच त्याला दूर राहायला सांगितलं. मोनाली जागची हलली नाही.

थोड्या वेळानं मायानं पदरानं तोंड पुसलं.

"अजून काय करे तो वर्गात?" तिनं विचारलं.

मोनाली सांगू लागली. आधी चाचरत, मग नीट. गणिताच्या सरांची नक्कल, खिडकीतल्या जागेवरून झालेलं भांडण, एकदा पळताना पँट फाटली तेव्हा त्यानं दिवसभर दप्तर मागे लावून कसं काढलं ते. ती पँट मायानं शिवली होती, पण कशी फाटली ते तिला वेगळंच सांगितलं गेलं होतं. मयुरा आणि संघपाल बाहेर ओट्यावर येऊन बसले. आतून मोनालीचा आवाज येत राहिला, मध्ये मध्ये मायाचा एखादा प्रश्न.

माया शाळेत कधी आली नाही. गोष्टीचा तिला राग होता तो राहिलाच. मेलेल्या पोराला पुस्तकात मागं टाकून पुढं जाणारी माणसं मले नाही आवडत, असं ती एकदा मयुराला म्हणाली आणि मयुराला ते खोडून काढता आलं नाही. पण मोनाली रविवारी जात राहिली. कधी तासभर, कधी पाच मिनिटं. पुढं परीक्षा आल्या तेव्हा तिचं जाणं कमी झालं, आणि मग रस्त्यात भेटली की माया तिला थांबवून विचारी, जेवून निघालीस का, पेपर कसा गेला. धम्मदीपबद्दल दर वेळी बोलणं होईच असं नाही.

संघपालनं पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं. शेवटचं प्रकरण वाचलं त्या दिवशी लगीनसराई सुरू झाली होती, गांधीबागेत पाय ठेवायला जागा नव्हती आणि शेठनं त्याला अर्ध्याच तासाची सूट दिली होती. नदी आली, ढोल वाजले, तुंग जेवायला बसला. मयुरानं पुस्तक मिटलं आणि विचारलं, कसं वाटलं?

"चांगलं हाये," संघपाल म्हणाला. "पण राक्षस इतक्या सहज मेला, ते काही पटलं नाही मले."

"मला पण नाही पटलं," विहंग म्हणाला.

"पटायला काय झालं? नदीच अंगावर आली त्याच्या," मोनाली म्हणाली.

"इतकी वर्षं घरात ठेवली होती ना नदी. त्याले पोहता येत नसन का?" संघपाल म्हणाला.

यावर तिघंचौघं एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं राक्षसाला पोहता येत नाही असं पाचव्या प्रकरणात आहे, कोणी म्हणालं ते अस्वलाबद्दल आहे. मयुरा पान शोधू लागली. संघपालनं घड्याळ पाहिलं, बाकातून गुडघे सोडवले, हात जोडून तिला निघतो असं खुणेनं सांगितलं आणि तो जिना उतरून गेला. वर्गातलं भांडण चालूच होतं.